मानांकनाचा मोह

प्राचार्य डॉ. प्रफुल येनगंटीवार यांना पर्यावरणाचा कळवळा सुटला तो जानेवारीतल्या एका मंगळवारी, दुपारच्या डब्यानंतर. त्याआधीच्या छप्पन्न वर्षांत तसं काही लक्षण दिसलं नव्हतं. त्या दुपारी विद्यापीठाकडून ईमेल आला. महाविद्यालयांना 'हरित परिसर मानांकन' द्यायचं ठरलं आहे, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तपासणी समिती येईल, आणि ज्यांना मानांकन मिळेल त्यांना कागदपत्रांवर महाविद्यालयाच्या नावापुढे हिरवं पान छापता येईल, असं त्यात लिहिलं होतं. प्राचार्यांनी ते दोनदा वाचलं, खिडकीतून बाहेर पाहिलं, आणि बाहेर झाडं आहेत ही गोष्ट प्रथमच त्यांच्या नजरेस आली.

सावलीहून गडचिरोलीकडे निघालं की डाव्या हाताला धानाच्या बांध्यांच्या मधोमध कै. तिमाजी पाटील महाविद्यालय लागतं. दोन मजली इमारत, एक सभागृह, पत्र्याचं सायकल स्टँड आणि मैदानाच्या कडेला एक जुना मोह. मोह महाविद्यालयाच्या आधीचा, रस्त्याच्या आधीचा, आणि कै. तिमाजी पाटलांच्याही आधीचा होता. त्याला कधी कुठल्या समितीत घ्यावं असं कुणाला वाटलं नव्हतं.

आता समिती काढणं आलं. 'हरित परिसर समिती'चं समन्वयक कोणी व्हावं यावर स्टाफरूममध्ये चर्चा झाली तेव्हा कायम नोकरीतल्या प्राध्यापकांना एकाएकी आपापली दुखणी आठवली. एकाला रक्तदाब होता, एकाच्या मुलीची बारावी होती, आणि गणिताचे प्राध्यापक म्हणाले, "आपल्याले हिरवं-पिवळं काई समजत नाई बुवा." मग सगळ्यांनी मिळून संघप्रिया दुर्गेकडे पाहिलं.

संघप्रिया वनस्पतीशास्त्र शिकवायची. गेली सहा वर्षं ती तासिका तत्त्वावर होती. तासिका तत्त्व म्हणजे जुलैत नेमणूक, उन्हाळी परीक्षा आटोपली की नारळ, आणि पुढच्या जुलैपर्यंत प्राचार्य जिथे दिसतील तिथे हसून नमस्कार. अशा माणसाला रक्तदाब परवडत नाही. ती 'हो सर' म्हणाली.

तिने मनापासून काम सुरू केलं, हीच पहिली चूक. महाविद्यालयाच्या दप्तरात आवारातली झाडं चारशे बारा होती. तिने विद्यार्थिनी घेऊन मोजली तर त्रेसष्ट भरली. बाकीची झाडं दरवर्षी पाच जूनला त्याच त्या खड्ड्यांत लागली होती, फोटो काढून घेतले होते आणि दिवाळीपर्यंत शेळ्यांच्या पोटात गेली होती. तिने त्रेसष्टची यादी प्राचार्यांपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली आणि समजूत घातली.

"मॅडम, झाडं मोजायची नसतात. नोंदवायची असतात."

फेब्रुवारीत आणखी मोठी आनंदाची बातमी आली. कोरपन्याकडच्या एका कारखान्याने समाजकार्यातून महाविद्यालयाला सौर पॅनेलं देऊ केली. पॅनेल बसवायला इंजिनियर आला, छतावर चढला, दुपारभर तिथेच थांबला आणि खाली उतरून म्हणाला, "सर, एक वाजल्यापासून त्या मोहाची सावली पडते. निम्मी वीजसुद्धा निघणार नाही." सावली नावाच्या गावात सावलीचीच अडचण झाली.

इंजिनियरने दोन पर्याय सुचवले. एक, सभागृहाचं छत. पण तिथे संस्थापकांचं नाव चार फुटी अक्षरांत उभं होतं, आणि पॅनेलांमुळे रस्त्यावरून जाणाऱ्यांना 'कै.' एवढंच दिसलं असतं. दुसरा, मागचं सायकल स्टँड. तिथे दिवसभर रणरणतं ऊन होतं, सावलीचं नाव नाही. पण ते मागे होतं.

"मागे लावली तर दिसणार कोणाले?" प्राचार्य म्हणाले. "सौरऊर्जा दिसली पाहिजे."

तेव्हा मोह जाणार हे ठरलं.

ठराव घेऊन हेडक्लार्क डोमाजी संघप्रियेकडे आले. डोमाजी सरळ माणूस. जे कागदावर असेल ते खरं, आणि जे खरं असेल ते विचारलं की सांगून टाकायचं, अशी त्यांची नोकरी तीस वर्षं चालली होती. ठरावात लिहिलं होतं, 'परिसराच्या पर्यावरणपूरक विकासास बाधा ठरणारा मोहाचा एक वृक्ष हटविण्यास हरित परिसर समिती एकमताने मान्यता देत आहे.' सोबत वनविभागाला द्यायचा अर्ज होता. त्यात 'वृक्षाची स्थिती' या रकान्यात टाइप केलं होतं, 'पोखरलेला, वाळत चाललेला व विद्यार्थ्यांच्या जीवितास धोकादायक.' खाली सहीची जागा, आणि त्याखाली 'वनस्पतीशास्त्र तज्ज्ञ.'

सहा वर्षांत तिला कोणी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. म्हटलं ते असं.

ती कागद घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली. "सर, झाड चांगलं आहे. कुठेही पोखरलेलं नाही."

"एकाच्या बदल्यात शंभर लावू न आपण."

"कुठे, सर?"

 चष्मा पुसत प्राचार्य म्हणाले, "पुढच्या वर्षी वनस्पतीशास्त्राचा वर्कलोड कमी होतो म्हणतात. मी तुमच्यासाठी बोलूनच राह्यलो संस्थेत. माणसानं माणसाची अडचण समजून घ्यावी, मॅडम."

संघप्रियेने अडचण समजून घेतली. केबिनच्या बाहेर भिंतीला कागद टेकवून तिने सही केली. भिंतीवर 'झाडे लावा' असं रंगवलेलं होतं. पुढचे दोन शब्द नव्या नोटीस बोर्डाखाली झाकले गेले होते.

*

मार्चच्या मध्यावर मोह गळू लागला. पहाटेपासून फुलं टपटप पडायची आणि मैदानाच्या त्या कोपऱ्यात गोड, आंबूस वास भरून राहायचा. महाविद्यालयात झाडलोट करणारी शकुबाई या दिवसांत लौकर यायची. झाडाखालची जागा आदल्या संध्याकाळीच स्वच्छ करून ठेवायची आणि सकाळी टोपली भरायची. तिची सासूही इथेच वेचायची, तेव्हा महाविद्यालय नव्हतं.

संघप्रिया त्या दिवशी सकाळच्या प्रॅक्टिकलसाठी आली, तर शकुबाईने तिला हाक मारली.

"मॅडम, या न जी इकडे. हे पाहा. झाडाले चुना मारून गेला कोणी. नंबर टाकला. काऊन?"

बुंध्यावर पांढरा पट्टा होता आणि त्यावर काळ्या रंगात 'एक' लिहिलं होतं.

"गणती चालू आहे, शकुबाई."

"मंग बाकीच्या झाडाईले काऊन नाई टाकला?"

 संघप्रिया म्हणाली, "टाकतील," आणि घड्याळाकडे पाहिलं. शकुबाईने तिच्या डब्याच्या पिशवीत ओंजळभर फुलं टाकली. "बाबाले द्या. तुमच्या बाबाले आवडते म्हणत होत्या न तुम्ही." त्या दिवशीच्या प्रॅक्टिकलला तिने एका मुलीला विनाकारण रागावलं.

तिचे वडील, देवराव दुर्गे, गडचिरोलीच्या एस.टी. डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. राहायला व्याहाडला. हातांच्या रेषांतलं काळं ऑइल निवृत्तीनंतर चार वर्षांनीही पुरतं गेलेलं नव्हतं. संघप्रियेने फुलं ताटलीत काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि स्वतः जेवायला बसली नाही.

"काय झालं वं?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. ठराव, अर्ज, तज्ज्ञ, सही, आणि शकुबाईशी खोटं बोलणं, सगळं. देवरावांनी ऐकून घेतलं. संविधान, बाबासाहेब, असं काही ते बोलले नाहीत. भिंतीवर फोटो होताच, तो होता तिथे राहिला. ते फूल चघळत म्हणाले,

"ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट असंन. एका गाडीचे ब्रेक बरोबर नव्हते. साहेब म्हणे, देवराव, जत्रेची गर्दी आहे, 'ओके' लिहून दे. मी देल्लं लिहून. गाडी गेली सिरोंच्याले."

"मग?"

"मंग काई नाई झालं. गेली तशी आली दुसऱ्या दिवशी. पण ती येईपर्यंत मी गेटवरच उभा होतो. जेवलो नाई. घरी आलो नाई. तुह्या मायले वाटलं, दारू पिऊन कुठी पडला." त्यांनी आणखी एक फूल उचललं. "त्याच्यानंतर कोणी म्हटलं तरी लिहिलं नाई. साहेबानं बदली केली आल्लापल्लीले. तिथी मासोळी चांगली भेटे."

संघप्रिया हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. देवरावांनी ताटली तिच्याकडे सरकवली. "झाड उभं आहे न आणखी?" एवढंच त्यांनी विचारलं.

*

वनविभागाकडून पाहणीला वनरक्षक आली, तीच नेमकी उर्वशी. तीन वर्षांपूर्वी संघप्रियेच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि प्रत्येक तासाला निदान एक असा प्रश्न विचारायची की बाईंना रात्री पुस्तक उघडावं लागे. आता अंगावर खाकी, पायात बूट, खांद्याला टेप. स्कूटी मोहाखालीच लावली. ऊन टाळायचं तर दुसरी जागाच नव्हती.

प्राचार्य तिच्या स्वागताला नारळपाणी घेऊन उभे होते. सोबत डोमाजी, फाइल आणि समन्वयक म्हणून संघप्रिया. लांबून शकुबाई झाडू हातात धरून पाहत होती. बहुधा झाडूनही झालं होतं.

उर्वशीने घेर मोजला. लाकडाच्या दांड्याने बुंध्यावर ठिकठिकाणी ठोकलं, कान लावला. वर पाहिलं. वरच्या फांदीआडून पिंगळ्याने मान काढून तिच्याकडे पाहिलं आणि परत आत घेतली.

"सर, पोखरलेलं कुठून आहे?"

प्राचार्यांनी हात वरच्या दिशेने हलवला. "आतून."

"आतून म्हणजे? आवाज तर ठोस येऊन राह्यला."

"ते आपल्यासारख्यांना ऐकू येत नाही. मॅडमनी शास्त्रीय तपासणी केली आहे. सही आहे त्यांची."

उर्वशी संघप्रियेकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे जास्तच अवघड झालं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, हा अर्ज खरा असंन तर मले मंजुरीचा शेरा मारावा लागते. तुमच्या सहीवर मी काय लिहू? मले हे झाड तुम्हीच शिकवलं."

संघप्रियेच्या मनात त्या क्षणी उदात्त असं काही आलं नाही. आला तो जुलै महिना. नेमणुकीच्या यादीत वरून खाली फिरणारं बोट आणि न सापडणारं नाव. मग तिने डोमाजींच्या हातातल्या फाइलमध्ये आपली सही पाहिली. सही फार सुबक आली होती.

"झाड निरोगी आहे," ती म्हणाली. "अर्जात लिहिलंय ते खोटं आहे. मी खोट्यावर सही केली."

डोमाजींच्या हातातली फाइल जरा खाली आली. प्राचार्य मोठ्याने हसले. "मॅडमचा स्वभाव फार विनोदी आहे."

"लेखी देता काय मॅडम?" उर्वशीने विचारलं.

"देते."

स्कूटीच्या सीटवर कागद ठेवून तिने लिहिलं. सीट तापली होती, हाताला चटके बसत होते. पाच ओळी झाल्या. सही केली आणि या खेपेला 'तज्ज्ञ' हा शब्द स्वतःच्या हाताने लिहिला. प्राचार्यांनी तोवर उर्वशीसाठी आणलेलं नारळपाणी स्वतः पिऊन टाकलं होतं.

परवानगी नाकारल्याचं पत्र चार दिवसांत आलं. फांदीलाही हात लावू नये, अशी त्यात ताकीद होती. त्याआधीच, म्हणजे पाहणीच्याच दुपारी, दुसरं एक पत्र निघालं होतं. 'कामाचा अतिरिक्त ताण लक्षात घेऊन' संघप्रिया दुर्गे यांना हरित परिसर समितीतून मुक्त करण्यात आलं होतं. नवे समन्वयक गणिताचे. त्यांचं पहिलं काम म्हणजे त्रेसष्टचे परत चारशे बारा करणं. ते त्यांनी एका बैठकीत केलं. शेवटी गणिताचा माणूस.

सौर पॅनेलं मात्र येऊन पडली होती. कुठे बसवायची याचा निर्णय संस्थेच्या कार्यकारिणीपुढे गेला, आणि कार्यकारिणीपुढे गेलेली गोष्ट लौकर परत येत नसते. तोवर लाकडी पेट्या ठेवायच्या कुठे? गोदामात जुनी बाकं होती. डोमाजींनी विचार करून त्या मोहाखाली ठेवल्या.

त्या दिवसांत स्टाफरूममध्ये संघप्रियेच्या शेजारची खुर्ची बहुतेक वेळा रिकामी असायची. तिच्याशी कोणी भांडलं नाही. चहा आला की तिला सोडून सगळ्यांना विचारलं जायचं, एवढंच. शकुबाईही दोन-तीन दिवस लांबूनच झाडून गेली. चौथ्या दिवशी झाडता झाडता तिच्या टेबलापाशी थांबली.

"गणती नोहती न ती, मॅडम?"

"नाई."

"मले माहीत होतं." तिने टेबलाखालचा कचरा ओढून घेतला. "पाय उचला जी."

*

विद्यापीठाची तपासणी समिती आली त्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर होता. तीन सदस्य होते. अध्यक्ष डॉ. पुनम म्हणून कोकणातल्या एक निवृत्त प्राध्यापिका, साठीच्या, बारीक अंगाच्या. नागपूरला विमानातून उतरल्यापासून त्यांनी पदराने वारा घेणं थांबवलं नव्हतं. फाटकापाशी त्यांचं स्वागत हिरव्या कागदात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या कुंड्या देऊन झालं. रस्ताभर हिरवं कार्पेट घातलं होतं. त्याखाली गवत होतं, ते वाळून गेलं.

संघप्रियेला समितीसमोर येऊ नये असा निरोप होता. उन्हाळी परीक्षा चालू होती, तेव्हा तिला तळमजल्यावरच्या पाच नंबरच्या खोलीत पर्यवेक्षणाला बसवलं होतं. पाच नंबरची खिडकी मोहाकडे उघडते हे वेळापत्रक लावणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं.

सभागृहात प्राचार्यांचं सादरीकरण सुरू झालं. बहात्तर स्लाइड होत्या. नववी स्लाइड 'ऊर्जा स्वयंपूर्णता' पडद्यावर आली आणि लाइन गेली. एसी बंद, पंखे बंद, पडदा काळा. जनरेटर सुरू करायला गेलेला माणूस डिझेल आणायला सावलीला गेला. दहा मिनिटांत सभागृहाची भट्टी झाली. अध्यक्षबाई उठल्या, म्हणाल्या, "मला चक्कर येईलसं वाटतंय," आणि बाहेर पडून सरळ चालू लागल्या. त्यांना कोणी रस्ता दाखवला नाही. अंगाला जिथे गारवा लागला तिथे त्या थांबल्या.

मोहाला नवी पालवी येऊन दाट झाली होती. त्याखाली खुर्च्या आणल्या गेल्या. बाटल्यांमधलं पाणी उकळत होतं, म्हणून शकुबाईने आपल्या माठातलं स्टीलच्या पेल्यांतून आणलं. अध्यक्षबाई दोन पेले प्यायल्या, तिसरा तोंडावर मारला, आणि मग त्यांना आजूबाजूचं दिसू लागलं.

खोलीत संघप्रिया खिडकीच्या गजांपाशी उभी होती. वीसेक पावलांवरचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. मागे पेनांची कुरकुर चालू होती.

"या पेट्यांत काय आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सौर पॅनेल, मॅडम," डोमाजी म्हणाले.

"मग इथे सावलीत का ठेवलीत?"

"ऊन लागू नये म्हणून," डोमाजींनी अत्यंत प्रामाणिकपणे सांगितलं.

दुसऱ्या सदस्यांना ठसका लागला. प्राचार्यांनी घाईने पुढे येऊन झाडावर हात ठेवला. "मॅडम, हा आमच्या परिसराचा मानबिंदू. मोह. आम्ही त्याला ज्येष्ठ प्राध्यापक मानतो."

"सुंदर. इथे विद्यार्थी येतात बसायला?"

प्राचार्य 'नियोजन आहे' म्हणणार तेवढ्यात शकुबाई पेले गोळा करता करता बोलली. "येते न जी. लाइन गेली का दुर्गे मॅडमचा वर्ग इथीच राह्यते. पोरी झाडाचीच पानं हाती धरून शिकते. पावसाळ्यात तेवढं जमत नाई."

"दुर्गे मॅडम कोण? भेटता येईल?"

"आमच्याच आहेत. अत्यंत गुणी. पण आज त्या रजेवर आहेत," प्राचार्य म्हणाले.

"रजेवर कुठी जी?" शकुबाईला खरोखर आश्चर्य वाटलं. "त्या काय, खिडकीत उभ्या आहेत."

सगळ्यांच्या माना वळल्या. संघप्रियेला क्षणभर खाली बसावं असं वाटलं, पण आत चाळीस मुलं पेपर लिहीत होती. अध्यक्षबाई उठून खिडकीशी आल्या. गजांच्या अलीकडे एक, पलीकडे एक, अशा दोघी उभ्या राहिल्या.

"तुमचा पेपर चालू आहे, बाहेर बोलवत नाही," अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या. "एकच विचारायचं होतं. झाडावर तो पांढरा पट्टा आणि आकडा कशाचा?"

त्यांच्या खांद्यावरून संघप्रियेला प्राचार्य दिसले. ते डोळ्यांनी विनवत होते. सहा वर्षांत त्यांनी तिच्याकडे तसं पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि तिला त्यांची थोडी कीवही आली. पण एकदा खोटं लिहून तिला पुष्कळ त्रास झाला होता, आणि या उन्हात परत तेवढा त्रास घ्यायची तिची तयारी नव्हती.

"तोडायला टाकला होता, मॅडम. पॅनेलांवर सावली पडते म्हणून. झाड खराब आहे, अशी सही मीच केली होती. नंतर मागे घेतली."

अध्यक्षबाईंनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. तेवढ्या वेळात प्राचार्यांनी स्वतःला सावरलं. हा माणूस उगाच प्राचार्य झालेला नव्हता.

"तेच सांगणार होतो, मॅडम!" ते म्हणाले. "ही आमची निकोप चर्चेची परंपरा. कनिष्ठातल्या कनिष्ठ शिक्षकानेही विरोधी मत मांडावं आणि संस्थेने ते स्वीकारावं. सौरऊर्जा का वृक्ष, असा प्रश्न आला तेव्हा आम्ही वृक्षाच्या बाजूने उभे राहिलो. पॅनेलं पेटीत ठेवली, पण झाड ठेवलं."

अध्यक्षबाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "आणखी एक पेला पाणी मिळेल का?"

मानांकन मिळालं. वरून दुसऱ्या क्रमांकाचं. अहवालात 'वृक्षाखालचा वर्ग' या उपक्रमाचं कौतुक होतं आणि अध्यापिका म्हणून दुर्गे यांच्या नावाचा उल्लेख होता. पॅनेलं मागच्या सायकल स्टँडवर बसवावीत अशी शिफारसही होती. ती ताबडतोब मान्य झाली, कारण आता ती बाहेरच्या तज्ज्ञांची होती. पॅनेलं बसली. फक्त ती सुरू करायला ज्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं त्यांची तारीख मिळेना, म्हणून वीज तेवढी आली नाही.

जुलैच्या यादीत संघप्रियेचं नाव नव्हतं. वर्कलोड कमी झाला होता.

वरोऱ्याच्या एका महाविद्यालयात तिला तासिका मिळाल्या. तिथे अर्ज टाइप करताना तिने त्या अहवालाची प्रत जोडली होती. मुलाखतीत एकाने विचारलं, "हे वृक्षाखालचा वर्ग म्हणजे काय असतं?" ती म्हणाली, "लाइट गेल्यावर घ्यावा लागतो." ते हसले आणि तिला घेतलं. आठवड्याचे पाच दिवस ती वरोऱ्याला खोली करून राहू लागली. शनिवारी व्याहाडला आली की देवराव मासोळी आणून ठेवत.

ऑगस्टमध्ये अनुभवाच्या दाखल्यासाठी ती सावलीला आली. प्राचार्य परिषदेला गेले होते. 'एक वृक्ष, एक महाविद्यालय' या विषयावर त्यांचा शोधनिबंध होता. डोमाजींनी तयार दाखला काढून दिला. त्यात 'पर्यावरण संवर्धनात प्राचार्यांच्या मार्गदर्शनाखाली मोलाचा सहभाग' असं लिहिलं होतं. ती तो घेऊन बाहेर आली.

मोहाच्या बुंध्याला वीस फुटी फ्लेक्स गुंडाळला होता. त्यावर प्राचार्य त्याच झाडाला मिठी मारून उभे होते. 'झाड माझा सखा.' आठ खिळे ठोकून तो घट्ट बसवला होता. चार इंची खिळे, एकेका खिळ्याखाली चीक ओघळून सुकला होता.

संघप्रिया तशीच डोमाजींच्या खोलीत परत गेली. "डोमाजी, हातोडी आहे का? मागच्या बाजूनं खिळे निघतात, तसली."

डोमाजींनी कपाट उघडलं, हातोडी दिली, आणि कुठले खिळे ते विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढे कोणाला तरी खरं सांगावं लागलं असतं.

भर दुपार होती. मैदानावर कोणी नव्हतं. शकुबाई धावत आली आणि फ्लेक्सचा कोपरा धरून उभी राहिली. एकेक खिळा कुरकुरत बाहेर आला. आठवा निघाला तसा फ्लेक्स भसकन खाली आला आणि दोघी त्याच्याखाली सापडल्या. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे केस विस्कटले होते आणि शकुबाईला हसू आवरत नव्हतं.

"आता याचं काय करू जी?"

"जाळू नको. धूर होतो."

"जाळाले काय झालं! चांगला जाड आहे. घरी सरपण भिजून राह्यलं माह्यं, त्याच्यावर टाकीन." तिने फ्लेक्सची घडी घालायला सुरुवात केली. मग थांबून विचारलं, "साहेबाचा फोटो आतून करू का बाहेरून?"

संघप्रियेने आभाळाकडे पाहिलं. वैनगंगेकडून काळं भरून येत होतं.

"बाहेरून कर, शकुबाई," ती म्हणाली, आणि वरोऱ्याची गाडी पकडायला रस्त्याकडे निघाली.